बाटली आणली का?

कोपराला काहीतरी कोमट लागलं म्हणून कवडू निकुरेने हात झटकन मागे घेतला. माणसाचा स्पर्श नव्हता तो, गुराचाही नव्हता. वळून पाहिलं तर एक तुंबा होता. वाळवलेल्या दुध्याचा, मानेशी दोरी बांधलेला, वापरून वापरून काळपट तांबूस झालेला. मागे उभा असलेला कोणी माणूस तो त्याच्या बगलेजवळून औषधाच्या खिडकीत सरकवत होता, आणि अर्धा आत गेल्यावर तुंबा अडकला. त्या खिडकीचं भोक बाटलीच्या मापाने ठेवलेलं आहे, हे कवडूच्या तेव्हाच ध्यानात आलं. रोज तो या खिडकीवरून जायचा. भोक लहान आहे एवढं त्याला माहीत होतं; कशाच्या मापाने लहान आहे हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"बाटली आणली का?" आतून देवाजी कंपाउंडरने वर न बघता विचारलं. हे तो सगळ्यांनाच विचारायचा, आणि दिवसभर इतक्यांदा विचारायचा की त्यात प्रश्न असा उरलेलाच नव्हता.

"हे," तुंबावाला म्हणाला.

"हे काय हाय बे? हे आंबील प्यायचं हाय. दवाईले बाटली लागते. काचंची." देवाजीने तुंब्याला आतून बोट लावून तो बाहेर ढकलला. मग त्याला कवडू दिसला. "पाहा निकुरेबाबू, काय काय घेऊन येते लोक. उद्या सुपात मागतीन मिक्श्चर."

रांगेतलं कोणी हसलं. कवडूही हसला, कारण देवाजी वयाने मोठा होता आणि सकाळपासून सगळंच हसण्याजोगं वाटत होतं. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला जिल्ह्याचं औषधांचं कोठार होतं, आणि गेल्या वर्षापासून, नागपूरहून बी.एस्सी. होऊन आल्यापासून, ते त्याच्या ताब्यात होतं. आज तिथलं वर्षातलं सर्वांत मोठं काम संपलं होतं. पाऊस लागला की आष्टीच्या घाटावर वैनगंगा फुगते, डोंगे बंद होतात, आणि पलीकडच्या जंगलातले दवाखाने थेट दसऱ्यापर्यंत तुटतात. म्हणून त्यांचं चार महिन्यांचं औषध एकदाच पाठवायचं. आधी ते कसं वाटायचे हे त्याने आल्या आल्या पाहिलं होतं: ज्याने आरडाओरडा केला त्याला जास्त, जो गप्प राहिला त्याला उरलेलं. ते त्याला सहन झालं नव्हतं. त्याने रीत बदलली. मागच्या पावसाळ्यात ज्या दवाखान्यात जितकं खपलं, त्या मानाने यंदा द्यायचं. पलीकडच्या कोरमगुड्याला हिवतापावरची कोयनेलची पूड, जी पाण्यात कालवून मिक्श्चर करतात, निम्म्याहून जास्त पडून राहिली होती, तर कोरमगुड्याला यंदा एकच लहान डबा. सिव्हिल सर्जन साहेब दौऱ्यावर निघण्याआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, याला म्हणतात शास्त्र. त्या हाताचं वजन खांद्यावर अजून होतं, आणि त्याच बाजूच्या कोपराला तो तुंबा लागला होता.

"अरे भाऊ, इकडे ये ना," कडुनिंबाखालून अख्तरीने हाक मारली. तिच्यापुढे पोत्यावर रिकाम्या बाटल्या उभ्या होत्या. राखेने घासलेल्या, एरंडेलाच्या, अत्तराच्या, कुठल्या कुठल्या. बाजूला टोपलीत बुचं. "बाटली बी देते, बुच बी देते. या दवाखान्यात डॉक्टर कोणीबी येवो, माह्याबिगर कोणाचा ताप उतरत नाई."

तुंबावाला तिच्याकडे गेला नाही. तो तसाच उभा राहिला, तुंबा पोटाशी धरून. उंच नव्हता, पण खांदे रुंद होते, आणि खांद्यावर बांबूच्या भाऱ्याचे घट्टे होते. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक बाई गोणपाट पांघरून बसली होती आणि गोणपाट आतून हलत होतं. जून महिना होता, दुपारचा डांबर वितळवणारा उकाडा होता, आणि ते गोणपाट थरथरत होतं. तिला कोणता ताप आहे हे विचारायला डॉक्टरची गरज नव्हती.

"यात टाकून द्या ना, देवाजीभाऊ," कवडू म्हणाला. उगाच म्हणाला, हातात काही नसताना माणूस म्हणतो तसं.

"टाकतो ना बाबू, मले काय. पण निशाणी कुठी चिकटवू? तुंब्यावर कागद चिपकत नाई, आन चिपकला तरी आतलं दिसत नाई. यानं सारं एकाच घोटात पाजलं तं? कानात घंटा वाजते, डोळ्यापुढं अंधार येते. मंग बोंब कोणाच्या नावानं? देवाजीच्या."

हे खरं होतं. कोयनेल जास्त झालं तर काय होतं ते कवडूला देवाजीपेक्षा जास्त पानं वाचून माहीत होतं. काचेच्या बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी, एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. त्यात गैर काय होतं? कोणीतरी विचार करूनच हे ठरवलं होतं. त्याने स्वतःच ठरवलं असतं तरी असंच ठरवलं असतं.

तेवढ्यात तो माणूस बोलला. देवाजीशी नाही, कवडूशीही नाही. दोघांच्या मधल्या हवेशी बोलावं तसं.

"तिकडं बी असंच."

"कुठी तिकडं?" देवाजीने विचारलं.

"कोरमगुडा. दवाखाना. बाटली मनते. आमच्याकडं बाटली नाई." त्याची मराठी शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखी होती. "मानसं येते. मंग घरी जाते."

कवडूला ते आधी डोक्यात कळलं नाही. आधी तोंडात कळलं. सकाळी डबे भरताना कोयनेलची बारीक पूड उडते, ओठांवर बसते, आणि कितीही पुसलं तरी संध्याकाळपर्यंत कुठून ना कुठून जिभेवर येते. ती आता आली. घशापर्यंत कडू झालं. मग हळूहळू, एखादी आकृती उलटी धरली होती हे कळल्यावर ती सुलटी करावी तसं, सगळं फिरलं. पूड उरली होती म्हणून ताप नव्हता, असं त्याने वाचलं होतं. ताप होता. माणसं आली होती. नदीनाले ओलांडून, तुंबे घेऊन, खिडकीपर्यंत आली होती आणि परत गेली होती, आणि त्यांच्या मागे डब्यात पूड कोरडी, स्वच्छ, न हललेली राहिली होती. आणि त्याने नागपुरात शिकलेल्या सगळ्या शिस्तीने ती पूड मोजून म्हटलं होतं: इथे गरज कमी. यंदा एक लहान डबा. त्यातलाही उरला असता. पुढच्या वर्षी काहीच दिलं नसतं, आणि साहेबांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला असता.

त्याला एकदम आईची बाटली आठवली. का ते कळायला वेळ लागला. ब्रह्मपुरीजवळच्या त्यांच्या गावी, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या घरात, चुलीच्या वरच्या कोनाड्यात एक बाटली असायची. हिरवट काच, आत फुगे राहिलेली. ती रिकामी असायची. दिवाळीच्या आधी आई ती उतरवून पुसायची आणि पुन्हा रिकामीच ठेवायची. तेल आणायला तो ती मागायचा तेव्हा ओरडायची. तिच्या एका अंगाला कागदाची पट्टी होती, पिवळी पडलेली, कडेने खाचा असलेली; लहानपणी त्याला त्या खाचा तलावाच्या पायऱ्यांसारख्या वाटत, आणि बोटाचं नख तो एकेक पायरी उतरवत न्यायचा. आई हसून म्हणायची, "तुह्या आंधी बाटली आली घरात." हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला काही अर्थ असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याच्या आधीची भावंडं तापाने गेली हे त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याचं नाव कवडू: जन्मल्या जन्मल्या सुईणीला देऊन टाकलेला आणि एका कवडीला परत विकत घेतलेला, म्हणजे मरणाला वाटावं की हे पोर या घरचं नाहीच. कॉलेजात हे नाव त्याने के. एन. करून टाकलं होतं. कवडीची गोष्ट त्याला पाठ होती, आणि मित्रांना तो ती अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगायचा. पण बाटलीची गोष्ट? ती कोणी सांगितलीच नव्हती, किंवा त्या एका वाक्यात सगळी सांगून झाली होती. आधीच्यांच्या वेळी आई कशात औषध आणायला गेली असेल? पितळेच्या गडव्यात? आणि खिडकीतून वर न बघता कोणी तिला काय विचारलं असेल? कवडी आणि बाटली, दोन्ही त्याच्यासाठी आणल्या गेल्या होत्या. आणि आपण कशामुळे जगलो हा प्रश्न पडला तेव्हा, विज्ञान शिकलेला असूनही, त्याने फक्त कवडीचा विचार केला होता.

"काय गा, चक्कर येऊन राह्यली का?" देवाजीने विचारलं.

"नाही." मग तो म्हणाला, "अख्तरीबाई, एक बाटली द्या याला. माझ्या नावावर."

"तुमच्या नावावर काय करू, बाबू? तुमचं नाव धुऊन ठेवू?" अख्तरीने एक बाटली उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, ती ठेवून दुसरी उचलली. "घे रे. ही चांगली हाय. बायकोले बरं वाटू दे. परत नको आणू."

लालसूने (तुंबावाल्याने हे नाव विचारल्यावर सांगितलं) बाटली दोन्ही हातांनी घेतली. तिच्यातून त्याने पलीकडे पाहिलं, कडुनिंब वाकडा दिसला असेल. देवाजीने मिक्श्चर भरलं, पट्टी कापली, चिकटवली, खाचेवर बोट ठेवून तीन वेळा सांगितलं, आवाज चढवून, जणू लालसू बहिरा होता. वाईट नव्हता देवाजी. गोणपाटातल्या बाईला पहिला घोट त्याने स्वतः बाहेर येऊन पाजला, आणि ती थुंकायला लागली तेव्हा तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाला, "गिळ माय, गिळ. गेलं. झालं."

एक बाटली झाली. कोरमगुड्याच्या भोवती किती गावं होती? तिकडे काय अख्तरी बसली होती? कवडू पायरीवर उभा होता आणि लालसूच्या मनगटाकडे बघत होता. तिथे एक सुतळी होती, गाठी मारलेली.

"हे कशाचं?"

"दिवस." लालसूने सुतळी पुढे केली. "ठेकेदारानं कामाचे दिवस सांगतले. मी गाठी मारलो. रोज एक सोडतो. सरल्या की घरी." तो बांबूच्या ट्रकमधून बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीकडे आला होता, बायको वाटेत तापली म्हणून ड्रायव्हरने दोघांना इथे उतरवलं होतं. हे सगळं त्याने सांगितलं नाही. काही सांगितलं, काही देवाजीने.

कवडूच्या गावातही लग्नाचं बोलावणं असं जायचं, गाठी मारलेल्या दोऱ्यात. उरलेले दिवस म्हणजे उरलेल्या गाठी. त्याने स्वतः लहानपणी त्या सोडल्या होत्या. आणि साहेब म्हणाले होते, जंगलात गोळ्या पाठवण्यात अर्थ नाही, त्या लोकांना मोजता येत नाही. गोळ्या ब्रह्मपुरीकडे, तिथे शिकलेले लोक आहेत. जंगलात पूड. कवडूने मान डोलावली होती. हिवतापाच्या गोळ्या यंदा मोजक्याच आल्या होत्या, आणि त्या ब्रह्मपुरीला जाणार म्हटल्यावर त्याच्या मनात, मान डोलावताना, आईचा चेहरा येऊन गेला होता. तिला दर पावसाळ्यात ताप यायचा. मिक्श्चर तिच्या पोटात ठरत नसे. दोन घोट जायचे, तिसऱ्याला सगळं बाहेर. मागच्या वर्षी पहिल्यांदा गोळी आली तेव्हा ती साऱ्या आळीत सांगत फिरली होती, माह्या कवडूनं पाठवली, पाण्यासंगं गिळली का झालं, कडू नाई न काई नाई.

तो कोठाराकडे चालू लागला. मग पळू लागला.

ड्रायव्हर नूरुद्दीनने औषधं भरलेल्या ट्रकच्या मागच्या फळीला साखळी लावली होती. ट्रक आष्टीच्या घाटापर्यंत जायचा, तिथून डोंगे, पुढे बैलगाड्या. शहराच्या जटपुरा दरवाज्याच्या वर ढग साचले होते, जांभळे, आणि हवा थांबली होती.

"नूरुद्दीनभाऊ, फळी उघडा. कोरमगुड्याचा डबा काढायचा आहे."

"काऊन?"

"त्याच्या जागी हे द्यायचं." कवडूने व्हरांड्यातल्या खोक्यांकडे बोट दाखवलं. ब्रह्मपुरीच्या गोळ्या; उद्या सकाळी त्या छोट्या रेल्वेगाडीने नागभीडमार्गे जाणार होत्या. "सगळ्या. आणि आतून बँडेजच्या कापडाचे गठ्ठे आणतो, तेही."

नूरुद्दीनने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. बारा गावचे साहेब त्याने पाहिलेले होते. "साहेबाचा हुकूम हाय?"

"साहेब सिरोंच्याला आहेत."

"मंग हुकूम कोणाचा? या ढगाचा?" तो हसला, पण फळीला हात लावला नाही. "बाबू, तुम्ही पक्के बी नाई झाले अजून. ब्रह्मपुरीचे लोक गोळ्यांची वाट पाहून राह्यले. त्यायचा तो जनपद सभेचा मेंबर, डब्यात पूड पाहिली का सीधा नागपूरले तार ठोकीन. तुमची नोकरी जाईन, आन ट्रक भरला कोणी मनून माही बी."

"तुम्हाला मी सांगितलं म्हणून सांगा."

"सांगीनच. मी काय मुका हाय?"

"ब्रह्मपुरीला घरोघरी बाटल्या आहेत, भाऊ. पुडीचं मिक्श्चर त्यांना चालतं. कडू लागेल, शिव्या देतील, पण पितील. तिकडे जंगलात बाटलीच नाही. पूड पाठवली काय आणि माती पाठवली काय." त्याला धाप लागली होती. नागपूरच्या चार वर्षांनी घासून काढलेली भाषा त्याच्या तोंडातून निसटत होती हे त्याला ऐकू आलं. "मले आज कळलं, भाऊ. आज. आंधी नाई कळलं."

नूरुद्दीनने त्याच्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच पाहावं तसं. "ब्रह्मपुरीकडचेच ना तुम्ही?"

"हाव."

"घरी कोण हाय?"

"आई."

नूरुद्दीन फळीकडे वळला. त्याने साखळी काढली. लोखंड फळीवर आपटून आवाज झाला आणि कडुनिंबावरचे कावळे उडाले.

खोकी चढवताना कवडूने त्याला सांगितलं की कोरमगुड्याच्या कंपाउंडरला नीट समजावून सांगायचा निरोप घाटावरच्या गाडीवानाजवळ द्या: बाटली मागू नका. कोणी पळसाचं पान पुढे करो, तुंबा करो, पदर करो. कापडाची पट्टी फाडायची, तिच्यात एकेक गोळी ठेवून गाठ मारायची, आणि सांगायचं, रोज एक गाठ सोडायची. बाकी काही सांगावं लागणार नाही. नूरुद्दीनने हे दोनदा म्हणून दाखवलं आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यात स्वतःची भर घातली: "आन हसला तं त्याले माह्या नावानं एक ठेवून देजो." तो कंपाउंडर ऐकेल का? गाडीवान निरोप पोचवेल का? घाटावर डोंगा मिळेल का? यातलं काहीही मोजता येत नव्हतं. सकाळी मोजून झालेलं सगळं इतकं पक्कं होतं आणि चूक होतं. आता जे करत होता त्यात पक्कं काहीच नव्हतं, आणि हात मात्र न थांबता खोकी चढवत होते. याचं त्याला नवल वाटलं. त्याने ते नवल बाजूला ठेवलं, नंतर पाहण्यासाठी.

ट्रक दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडला तेव्हा अख्तरी बाटल्या टोपलीत भरत होती; ढगांकडे बघून तिने दुकान आवरतं घेतलं होतं.

"काय बाबू, समदा माल इकडचा तिकडं करून राह्यले. देवाजी सांगत होता, आता गोळ्याच गोळ्या. गोळ्या वाटल्या तं मी काय विकू? बुचं?"

"ब्रह्मपुरीला जा, बाई. तिथे यंदा बाटल्या लागतील."

"लागतीन ना. तुमच्या आईपासून सुरू करते," ती म्हणाली. तिला हे कुठून कळलं? नूरुद्दीनने जाता जाता सांगितलं असेल. थट्टाच होती. पण कवडू हसला नाही.

व्हरांड्यात गोणपाट आता हलत नव्हतं. ती बाई झोपली होती, घामाने कपाळ ओलं झालेलं. लालसू शेजारी उकिडवा बसून बाटली गुडघ्यांमध्ये धरून होता, आणि अंगठ्याचं नख पट्टीच्या पहिल्या खाचेवर होतं. कवडू कोठारात परतला. ब्रह्मपुरीच्या जागी आता कोरमगुड्याचा तो डबा आणि कोठारातल्या शिलकेतले पुडीचे डबे होते, रांगेत, गोळ्यांच्या खोक्यांपेक्षा बुटके. उद्या ते छोट्या गाडीने जातील. दोन दिवसांनी डॉक्टर ते उघडेल आणि शिव्या घालेल. आठवड्याने तार येईल. साहेब सिरोंच्याहून येतील आणि या वेळी खांद्यावर हात ठेवणार नाहीत. त्यांना काय सांगायचं ते त्याला अजून नीट मांडता येत नव्हतं. तुंबा अडकला, असं सांगायचं? खिडकीचं भोक पाहा, असं?

आणि श्रावणात केव्हातरी आईला हुडहुडी भरेल. ती दोन दिवस अंगावर काढेल, गोळी येईल म्हणून वाट पाहील, कोणीतरी सांगेल की यंदा गोळ्या नाहीत, तुह्याच पोरानं नाई पाठवल्या. ती ते खरं मानणार नाही. मग उठेल. चुलीवरच्या कोनाड्यातून हिरवट बाटली उतरवेल, जुनी पट्टी नखाने खरवडून काढेल, कारण नवीन चिकटवायची आहे. ब्रह्मपुरीला पोचायला तिला वाटेत दोनदा बसावं लागेल. मिक्श्चर पहिल्या घोटाला तिच्या नाकातून येईल, ती त्याच्या नावाने बोटं मोडेल, दुसरा घोट घेईल, आणि कदाचित तिसरा पोटात राहील, कदाचित नाही राहणार. ते त्याला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की खिडकीत पोचल्यावर आतून कोणी वर न बघता विचारेल, बाटली आणली का, आणि साऱ्या रांगेत तिच्याइतक्या ठसक्यात "हाव" म्हणणारं दुसरं कोणी नसेल.